दिसला नाही

सोयाबीन वाळून खडखडायला लागलं होतं आणि आभाळ रोज दुपारी भरून येत होतं. मोरखेडीत त्या दिवसांत कोणी कोणाला जेवलास का म्हणून विचारत नव्हतं. कापणी कुठवर आली, एवढंच विचारायचे. शेंग तडकली की दाणा मातीत, आणि वरून पाणी पडलं की जागेवरच मोड. पितृपक्ष नुकता संपला होता, नवरात्र बसलं होतं, आणि देवीसुद्धा यंदा घाईघाईत बसवली अशी गावाची कबुली होती.

घाडग्यांचं शेत उज्जैनच्या रस्त्याला लागून. पूर्वज शिंद्यांच्या पागेवर होते. तेव्हाचं इनाम वाटण्यांत विरलं, उरला हा तुकडा आणि घरातली मराठी. मजुरांशी हिंदीत आणि घरात मराठीत बोलायचे. पण ती मराठीही अशी की पुण्याचा पाहुणा दर तिसऱ्या शब्दाला अडखळावा.

घरची बाई अलका. पंचावन्न उलटली तरी विळा हातात घेतला की तरण्या बायका मागे पडायच्या. तिला मेलेली माणसं दिसत. गावाला हे इतकं जुनं झालं होतं की एखादा डावखुरा असावा तितपतच त्याचं नवल उरलं होतं. अलका घुमायची नाही, केस सोडायची नाही, लिंबू-नारळ मागायची नाही. तिला फक्त दिसायचे. शेवटचा श्वास सुटताना जे अंग, जे कपडे, तेच. ते बोलायचे नाहीत. बहुतेक जण आपल्या घरी येऊन उभे राहायचे आणि तेराव्याच्या आत दिसेनासे व्हायचे. काही मात्र वर्षानुवर्षं एका जागी. अलका कुणाच्या अंगावरून जायची नाही, वाट सोडायची. बोळातून जाताना ती मध्येच भिंतीला टेकली की मागचे लोकही थांबायचे आणि ती चालू लागली की चालायचे.

तिचे सासरे शेताच्या मधोमध उभे होते. वीस वर्षांपूर्वी तिथंच छातीला हात लावून पडले होते, तो हात अजून छातीवर. कापणी तिथं पोचली की अलका वळसा घ्यायची आणि त्यांच्या पायाशी चार झाडं उभी ठेवायची. मजूर बाया हसत आपलाही निरोप द्यायच्या, "माँ साब, दादाजी ने राम-राम कीजो." अलकाही हसायची. सगळ्यांनाच म्हाताऱ्यांची सवय झाली होती.

सवय झाली नव्हती ती केदारला. तिचा एकुलता एक मुलगा, तिशीचा, गोरागोमटा, रोज सकाळी आरशासमोर दाढी करण्यात अर्धा तास घालवणारा. शाळेत त्याला पोरं भूतनी का बेटा म्हणायची. लग्न झालं, मुलगी झाली, तरी ती जखम कुठंतरी ओलीच होती. अण्णा, म्हणजे त्याचे वडील सुधाकर, म्हणायचे की ह्याच्या नाकाला मिरची झोंबायला मिरची लागत नाही.

त्या दिवशी केदारने कोणालाही न विचारता हार्वेस्टर आणला. आभाळ बघून आणला, त्यात त्याचं चुकलं असं म्हणता येत नाही. पण मशीन शेतात शिरलं तशी अलका विळा टाकून आडवी आली.

"तिथून नको रे, केदार. मधे तुझे आजोबा आहेत."

"आई, आज नको. पाणी येऊन राहिलंय, दिसत नाही का तुला?"

हार्वेस्टरवाला वरून वाकला. "भैया, दादाजी को बोलो थोड़ा साइड हो जाएँ. हॉर्न दूँ क्या?"

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. केदारचे कान लाल झाले. तेवढ्यात अण्णा बांधावरून ओरडत आले, की मशीनने भुसा बारीक होतो, म्हशी काय खाणार, आणि मला न विचारता आणलंच कसं, शेत अजून माझं आहे. सगळ्यांच्या देखत त्यांनी हार्वेस्टर परत पाठवला.

केदार घरी आला. मागोमाग त्याची बायको शर्वरी आली, तिच्या मागे अलका. ओट्यावर पाच वर्षांची मुक्ता शेंगा सोलत बसली होती. केदारने खिशातला फोन काढून कोनाड्यात आपटला.

"या घरात मेलेल्यांना जागा आहे," तो म्हणाला, "जिवंताचं ऐकायला कोणी नाही."

"अहो, जेवून तर जा," शर्वरी म्हणाली.

"आजोबांना वाढ."

तो निघाला तेव्हा अलका दारातच उभी होती. ती बाजूला सरकली नाही, आणि केदारला तिला खांदा घासून जावं लागलं. रस्त्यावर जाऊन त्याने एका टेम्पोला हात दिला.

कोणी फार मनावर घेतलं नाही, कारण हे पहिल्यांदा होत नव्हतं. मागच्या उन्हाळ्यातही असाच फोन बंद करून पीथमपूरला निखिल नावाच्या मित्राकडे जाऊन बसला होता. तेव्हा अण्णांनी घाबरून पोलीस थान्यात रिपोर्ट लिहवली. चौथ्या-पाचव्या दिवशी केदारसाहेब जिलब्यांचा पुडा घेऊन हजर. थानेदाराने बापलेकाला शेजारी उभं करून चार लोकांत झापलं, आणि अण्णांच्या ते फार जिव्हारी लागलं. त्या सगळ्या दिवसांत एकटी अलका शांत होती. "मला दिसला नाही, म्हणजे आहे तो," असं म्हणत होती, आणि तसंच निघालं. शर्वरीचा सासूवर भरवसा बसला तो तेव्हापासून.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी निखिलला फोन लावला. निखिल म्हणाला, काका, इकडे आला नाही, पण गुस्सा उतरला की येईल. पुण्याला नोकरी बघतो म्हणत होता, तिकडे गेला असेल.

शर्वरी चुलीपाशी बसली होती. भाकरी थापता थापता तिने विचारलं, "अण्णा, थान्यात सांगून ठेवायचं का एकदा?"

"परत? परत जाऊन उभं राहू त्या माणसासमोर?" अण्णा म्हणाले. "तुझ्या सासूला विचार ना. दिसला का?"

अलका घराला फेरी मारून आली होती. दार, अंगण, गोठा, विहीर, शेतातली म्हाताऱ्यांची जागा. कोणी मेलं तर आधी घरी येतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने मान हलवली.

"नाही दिसला. कुठंतरी मजेत असेल. खा तू."

शर्वरीने तुकडा मोडला.

मग तो रिवाजच पडला. अलका पहाटे फेरी मारून यायची, शर्वरी तिच्या तोंडाकडे बघायची, अलका मान हलवायची आणि सून पहिला घास घ्यायची. अण्णाही न विचारता तेवढ्यासाठी चहाचा कप हातात धरून थांबायचे. मुक्ताने तर गाणंच केलं. "बाबा दिसले नाही, बाबा मजेत!" असं म्हणत अंगणात लंगडी घालायची.

कापणी जोरात सुरू होती. सोयाबीनचं काम वाईट. झाड वाळलं की शेंगेची टोकं बोटांत घुसतात, संध्याकाळी पीठ मळताना मीठ लागलं की डोळ्यांत पाणी येतं. शर्वरी देवासची, माहेरी वडील शिक्षक, तिला हे काम लग्नानंतरचं. तरी कमरेत वाकून ती सासूच्या शेजारची ओळ धरायची. केदार नव्हता म्हणून त्याची ओळही दोघींत आली होती.

"आई, ते तुम्हाला दिसायला किती वेळ लागतो?" एकदा तिने विचारलं.

"कशाचा वेळ?"

"म्हणजे… कोणी गेलं की लगेच?"

"श्वास गेला की लगेच. श्वास आहे तोवर नाही." अलका थांबली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "असलं मनात आणू नये, पोरी."

"मनात नाही आणत. तुम्ही आहात म्हणून नाही आणत."

अशातच उज्जैनहून बोलावणं आलं. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं! फ्रीगंजात टावर चौकाजवळ राहणारा रुचिर नावाचा मुलगा गाडी घेऊन दारात उभा. त्याच्या वडिलांचा दहावा, राम घाटावर पिंड ठेवलेत, सकाळपासून कावळा शिवायला तयार नाही. मराठी घरांत हे असतं. पिंडाला कावळा शिवला नाही तर गेलेल्याचं काही राहिलंय असं समजायचं, आणि मग जमलेल्यांनी एकेक कबूल करत जायचं. ह्या लोकांचं सगळं कबूल करून झालं होतं. कोणीतरी म्हणालं, मोरखेडीच्या घाडगेकाकूंना आणा.

अशा वेळी अलका नाही म्हणायची नाही. हात धुऊन, साडी बदलून निघाली. शर्वरी गाडीपर्यंत आली आणि काचेशी वाकली.

"आई, वाटेत मोठं अस्पताल लागतं. एकदा विचारून येता? नुसतं. माझ्या मनासाठी."

अस्पताल म्हणजे तिला मरण. मुक्ताच्या जन्माच्या वेळीही ती फाटकाबाहेर रसवंतीवर बसून राहिली होती. पण सुनेचे डोळे बघून म्हणाली, "बघते."

राम घाटावर गर्दी होती. छत्र्यांखाली पंडे, पायऱ्यांवर यात्रेकरू, क्षिप्रेला बऱ्यापैकी पाणी. एका बाजूला रुचिरची मंडळी घामाघूम होऊन बसली होती आणि समोर तीन पिंड. कावळे वर भिंतीवर ओळीने. अलकाला पिंडांशेजारी एक टकला म्हातारा दिसला, पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यात. तो सारखा उजवा पाय उचलून खाली दाबत होता. उचलायचा, दाबायचा, कान देऊन ऐकायचा, मग पुन्हा.

"काका काय चालवायचे?" अलकाने विचारलं.

"बँकेत होते."

"ते नाही. चालवायचे काय? किक मारताहेत."

बाईमाणसं एकमेकींकडे बघायला लागली. रुचिरचा चेहरा पडला. "स्कूटर. जुनी आहे. परवा भंगारवाल्याशी बोललो मी."

"मग आता त्यांच्याशी बोला."

"बाबा," रुचिर हात जोडून म्हणाला, "नाही विकणार. दर रविवारी सुरू करीन. शपथ." आणि भिंतीवरचा कावळा खाली आला. लोक रडता रडता हसले. पायजम्यातल्या म्हाताऱ्याने एकदा पाय दाबला आणि समाधानाने हँडल धरल्यासारखे हात पुढे केले. रुचिरच्या आईने अलकाची ओटी भरली. पाया पडली. म्हणाली, "तुमच्या घरी कधी कमी पडायचं नाही, ताई. तुमच्या घरातलं सगळं तुम्हाला आधी कळतं."

परत येताना अस्पतालाचं फाटक आलं तसं अलकाने गाडी थांबवायला सांगितली. उतरली. फाटकाबाहेर फळवाले, रिक्षा, जमिनीवर पोळी-भाजी खाणारे नातेवाईक. आणि फाटकाच्या आत ते. दाटीवाटीने. एकाच्या अंगावर दुसरा उभा असावा इतके. पोटाला हात धरलेल्या बाया, नळ्या लोंबणारे म्हातारे, एक अगदी लहान. सगळे तिच्याकडे बघू लागले, कारण बघणारं माणूस त्यांना लगेच ओळखू येतं. सरकायला जागा नव्हती. आत जायचं तर त्यांच्या अंगांतून जावं लागणार होतं.

ती फाटकाचा गज धरून उभी राहिली. तिने एकेक चेहरा बघितला, घाईघाईने, चोरासारखा. केदार नव्हता. नाही म्हणजे नाहीच. आणि काही झालंच असतं तर तो इथं कशाला थांबला असता, घरी आला असता. मग आत जाऊन विचारायचं तरी काय?

"काय झालं, मावशी?" रुचिरने विचारलं.

"काही नाही. चला."

तिसऱ्या मजल्यावर, डाव्या अंगाच्या खोलीत, तेव्हा केदारचा श्वास चालू होता. हे तिला नंतर कळलं.

घरी शर्वरी ओट्यावरच बसलेली होती. "विचारलंत?"

"गरजच नाही ग," अलका म्हणाली. "तो आहे. मी सांगते ना."

ती खोटं बोलली नव्हती, दुर्दैव ते. शर्वरीने डोळे पुसले, उठली आणि कितीतरी दिवसांनी गोडाचा शिरा केला.

कापणी संपली. पेंढ्यांचा ढीग खळ्यावर आला, वर तिरपाल. मळणीच्या दिवशी सकाळपासून वारा पडलेला, आभाळ काळं. अण्णांनी ट्रॅक्टरला थ्रेशर जोडला आणि सगळे धावपळीने लागले. मशीनच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नव्हतं, भुशाने नाकाडोळ्यांत आग होत होती. शर्वरी तोंडाला ओढणी बांधून मशीनच्या तोंडाशी उभी राहून पेंढ्या आत ढकलत होती. हे काम केदारचं. दरवर्षी तो तिथं उभा असायचा आणि बायकांना जवळ फिरकू द्यायचा नाही.

दुपार कलली. चार थेंब पडले. अण्णा ओरडले, तिरपाल ओढा, भरलेलं झाका! अलका आणि एक मजूर बाई तिरपालाची दोन टोकं धरून धावल्या. आणि अलका थांबली.

खळ्याच्या कडेला केदार उभा होता.

डोक्याला पांढरी पट्टी, एका कानावर पिवळट डाग. अंगात अस्पतालातला हिरवट सदरा, मागून बांधायचा. मनगटावर चिकटपट्टी. उजवा पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये. आणि चेहऱ्यावर दाढी. चांगली वाढलेली, काळी, दाट दाढी.

अलकाला आधी दाढीचाच अर्थ कळला. घरून निघाला त्या सकाळी त्याने दाढी केली होती, हनुवटीवर फेसाचा ठिपका राहिला होता. मेलेल्याची दाढी वाढत नाही. ही दाढी वाढली तितके दिवस तो जिवंत होता. पट्टी बांधलेला, प्लास्टर घातलेला, कुठल्यातरी खाटेवर. ती रोज सकाळी मान हलवत होती, सून पहिला घास घेत होती, नात लंगडी घालत होती, आणि तो तिकडे पडून वाट बघत होता. तिने एकदाही खोटं सांगितलं नव्हतं. प्रत्येक सकाळी ती बरोबर होती.

शर्वरीचे हात थ्रेशरच्या तोंडात होते. आत्ता ओरडलं तर तिचे हात जातील, एवढंच एक अलकाला सुचलं. मजूर बाई पलीकडून टोक ओढत होती, "माँ साब, खींचो!" थेंब वाढले. अलकाने टोक घट्ट धरलं आणि चालू लागली. सरळ रेषेत जायचं होतं. ती तशी गेली नाही. खळ्याच्या कडेशी, जिथं काहीच नव्हतं तिथं, तिने वळसा घेतला. तिरपाल वेडंवाकडं झालं, एक कोपरा उघडा पडला आणि सोयाबीनवर पाणी पडायला लागलं.

शर्वरीने मान वर केली होती. तिने तो वळसा पाहिला.

तिने हातातली पेंढी खाली ठेवली. हात मागे घेतले. अण्णांना खूण करून मशीन बंद करायला लावलं. मशीन थांबलं तेव्हा एकदम इतकं शांत झालं की पानांवरचा पाऊस ऐकू आला.

"आई," ती म्हणाली, "तिथं कोण आहे?"

अलकाच्या हातातून तिरपालाचं टोक सुटलं.

"आई, तिथं तर कोणी नव्हतं. सकाळी आपण तिथूनच पेंढ्या आणल्या. कोण आहे तिथं?"

अलका भिजत खाली बसली. "त्याला दाढी आलीये ग, शर्वरी," एवढंच म्हणाली.

अस्पतालात अलका ह्या वेळी आत गेली. आता कसली भीती! तरी सवयीने ती अंग चोरून, इकडून तिकडे सरकत चालली होती, आणि पहारेकऱ्याला वाटलं बाई पिऊन आली आहे. त्याने अण्णांना विचारलंही. अण्णांनी मान खाली घातली.

वॉर्डातली नर्स चांगली होती. तिने खुर्ची दिली, पाणी दिलं. नानाखेड्याच्या बसस्टँडबाहेर रस्ता ओलांडताना गाडीने उडवलं होतं, गाडी थांबली नाही. खिशात काही नव्हतं, फोन नव्हता. आज दुपारीच गेला.

"बीच-बीच में होश आता था," ती म्हणाली. "मैं पूछती थी भैया कौन गाँव? तो बोलता था, खेड़ी. अब यहाँ तो आधे गाँव खेड़ी हैं. मैंने चार-पाँच खेड़ी में फोन भी लगवाया."

"हम आते तो बच जाते?" शर्वरीने विचारलं. अजून तिने डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं.

नर्सने अलकाकडे पाहिलं, मग अण्णांकडे. "वो तो भगवान जाने, दीदी. बड़े डॉक्टर इंदौर भेजने का बोल रहे थे. साथ जाने वाला कोई चाहिए था."

पुढे तिने आणखी एक सांगितलं, चांगल्या मनाने सांगितलं. दार वाजलं की मान वळवायचा, म्हणाली. रोज. कोणी आलं का बघायला.

त्यानंतर शर्वरी सासूशी बोलली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. अलका पाणी द्यायची, ती घ्यायची. अलका मुक्ताची वेणी घालायला बसायची, ती मुक्ताला उचलून न्यायची, हळूच, आदळआपट न करता. सकाळी अलका बाहेरून आत आली की शर्वरी भिंतीकडे तोंड करायची. मुक्ता लंगडी घालताना गाणं म्हणायला लागली तेव्हा शर्वरीने तिच्या तोंडावर हात ठेवला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही. गावातल्या बाया भेटायला येऊन गेल्या. एक जण दारातून बाहेर पडतानाच म्हणाली, दिव्याखाली अंधार तो हाच. अलकाने ऐकलं. तिलाही तेच वाटत होतं. खळ्यावरचं उरलेलं सोयाबीन भिजलं, त्याला मोड आले, म्हशींनी ते खाल्लं.

आणि केदार घरात उभा होता. कोनाड्याजवळ, जिथं फोन आपटला होता. तो शर्वरीकडे बघायचा, मुक्ताकडे बघायचा, अण्णा पंच्याने तोंड झाकून बसायचे त्यांच्याकडे बघायचा. अलकाकडे बघत नव्हता. ती समोर जाऊन उभी राहायची, दाढीला हात लावायला जायची, हातात काही यायचं नाही. "बघ रे एकदा," म्हणायची, "शिव्या दे मला." तो तिच्या खांद्यावरून दाराकडे बघत राहायचा.

दहाव्याला सगळे राम घाटावर आले. मुलगा नाही म्हणून बापानेच पिंड ठेवले. गुरुजींनी अण्णांचे हात धरून ते ठेववले. मग सगळे मागे सरले आणि वाट बघू लागले. कावळे भिंतीवर होते. एक उडाला, पिंडांवरून गेला, पलीकडच्या पायरीवर बसला.

"केदार," अण्णा म्हणाले, "मुक्ताला शिकवीन. जितकं शिकेल तितकं." कावळा हलला नाही. "शेत तिच्या नावावर करीन. आणि… हार्वेस्टर आणू रे, दरवर्षी आणू." त्यांनी पंच्याने तोंड झाकलं.

ऊन चढलं. शेजारचे दोन दहावे उरकून गेले. गुरुजी अवघडून म्हणाले, "काकू, तुम्ही सगळ्या जगाचं सांगता. बघा ना, काय म्हणतोय?"

सगळे तिच्याकडे वळले. एक शर्वरी नाही.

केदार पिंडांशेजारी उभा होता. हात नुसते लोंबत होते. कुठली खूण नाही, काही नाही. आईच्या बोटाला धरून उभ्या असलेल्या मुक्ताकडे तेवढा बघत होता.

"मुक्ताकडे बघतोय," अलका म्हणाली. "मला कळत नाही." आयुष्यात पहिल्यांदा तिने घाटावर हे म्हटलं. मग हात जोडले आणि मोठ्याने म्हणाली, "केदार, यापुढे मी कोणाला काही सांगणार नाही. दिसला म्हणून नाही, नाही दिसला म्हणूनही नाही." तिने कावळ्याकडे पाहिलं. कावळ्याने चोच पंखाखाली घातली.

मग शर्वरी पुढे झाली. मुक्ताचं बोट न सोडता पिंडांपाशी उकिडवी बसली. दहा दिवसांत तिचा आवाज बसून गेला होता.

"अहो," ती म्हणाली, "मुक्ता एखाद्या संध्याकाळी घरी आली नाही, तर मी निघेन. त्याच मिनिटाला. थान्यात जाईन, अस्पतालात जाईन, एकेक खाट बघीन. कोणी हसलं तर हसू दे." ती थांबली. "आईंना विचारत बसणार नाही."

कावळा खाली आला. मधल्या पिंडाला त्याने चोच लावली, एक शीत उचललं आणि उडाला.

कोणीतरी सुस्कारा टाकला. अण्णा जागेवरच खाली बसले आणि लहान मुलासारखे रडू लागले. अलका उभीच होती. तिला वाटलं, बरोबर आहे बाळा, हेच हवं होतं तुला, आणि हे मला सुचलं नाही. मी आई असून सुचलं नाही.

केदार वळला. प्लास्टरचा पाय ओढत पायऱ्या चढू लागला. अलका त्याच्या वाटेत होती. जवळ आल्यावर तरी बघेल, असं तिला शेवटपर्यंत वाटत होतं. त्याने पाहिलं नाही. ती पायरीवर एका अंगाला सरकली आणि त्याला वाट दिली.

शर्वरीने ते पाहिलं. तिने मुक्ताला जवळ ओढून घेतलं आणि तीही सरकली.